वळताना पंखा मंदावतो : पॉवर स्टिअरिंगच्या एका तक्रारीचं निदान

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बडोद्यात ज्या गाड्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये अडकल्या, त्यांतलीच ही एक. पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, स्टिअरिंग कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणाऱ्या दांड्यावर, मोटर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक पॉवर स्टिअरिंग, म्हणजे ईपीएस. मालक निवृत्त शिक्षक. राहायला अकोट्यात, मूळ घर दांडिया बाजारात, त्यामुळे गाडीचं सगळं आयुष्य या दोन टोकांमधल्या गर्दीत गेलेलं. पुराचं पाणी गाडीत सीटच्या बैठकीपर्यंत चढलं होतं. डॅशबोर्ड कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर गाडी ओढून नेली, ऑइल बदललं, सीटा काढून वाळवल्या आणि दिवाळीला ती पुन्हा रस्त्यावर आली. पुढचे काही महिने कसलीही तक्रार नव्हती.

उन्हाळा सुरू झाला, एसी लागायला लागला आणि तक्रारही सुरू झाली. काकांचे शब्द असे होते: "सरळ जाताना काही नाही. पण रावपुऱ्याकडून आत गल्लीत वळायला गेलं की चाक एकदम दगडासारखं होतं. मीटरमध्ये स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो. बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. हायवेवर आजपर्यंत एकदाही झालेलं नाही."

माझ्या गॅरेजमध्ये येण्याआधी गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवून झाली होती. तिथल्या स्कॅनरवर टॉर्क सेन्सरच्या बिघाडाचा कोड दिसला. या गाडीत सेन्सर सुटा मिळत नाही, तेव्हा पूर्ण कॉलम असेंब्ली बदलावी लागेल असं सांगून चाळीस हजारांच्या वरचा अंदाज त्यांनी हातात दिला. काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले होते. गाडी फार जुनी नव्हती, पण पुरातून निघालेली होती. तिला विकायला गेलं तर काय भाव येईल हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे एवढा खर्च करावा की नको, हाच त्यांचा खरा प्रश्न होता.

तक्रारीतच अर्धं निदान

ही तक्रार नीट ऐकली तर तिच्यात तीन गोष्टी आहेत. दोष कमी वेगात येतो, वळताना येतो आणि चावी बंद-चालू केली की जातो.

ईपीएसची मोटर सरळ रस्त्यावर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. गाडी उभी असताना कोरड्या फरशीवर चाकं पूर्ण वळवली तर अशा छोट्या गाडीतही ती तीस-चाळीस अँपिअर ओढते. वेग वाढला की कंट्रोलर, म्हणजे ईपीएसचा छोटा संगणक, मुद्दाम मदत कमी करतो, कारण वेगात हलकं स्टिअरिंग धोक्याचं असतं आणि तसंही धावत्या गाडीची चाकं वळवायला जोर कमी लागतो. म्हणजे हायवेवर ही यंत्रणा जवळपास विश्रांती घेत असते आणि रावपुऱ्यात तिचा घाम निघतो. जो दोष फक्त भाराखाली दिसतो, त्याचा पहिला संशय करंटच्या वाटेवर घ्यावा, सेन्सरवर नंतर.

टॉर्क सेन्सर खरोखर गेला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. हा सेन्सर कॉलममधल्या टॉर्शन बारचा पीळ मोजतो. आपण चाक फिरवलं की हा बार किंचित पिळला जातो. किती पिळला आणि कुठल्या बाजूला, यावरून मोटरने किती जोर लावायचा ते कंट्रोलर ठरवतो. सेन्सर बिघडला की एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागणं, हात सोडला तरी चाक एकीकडे ओढलं जाणं, मधोमध थरथर जाणवणं अशा खुणा येतात. दिवाही बहुतेक वेळा चावी फिरवल्याबरोबर किंवा पहिल्याच वळणाला लागतो, हायवे आणि गल्ली असा भेद तो करत नाही. इथे दोन्ही बाजूंना सारखंच जड होत होतं.

आणि मग काकू बोलल्या. त्या मागच्या सीटवरून उतरून बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. "मी यांना कधीची सांगतेय, वळताना एसीचा पंखा मंदावतो. दिवा लागायच्या आधी."

मला या प्रकरणात मिळालेली सगळ्यात मोलाची माहिती हीच. स्कॅनरवर ती कधीच दिसली नसती. गिऱ्हाईक तक्रार सांगत असतं तेव्हा सोबत बसणाऱ्यालाही विचारावं, कारण चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं आणि गाडीतले बारीकसारीक बदल सोबतच्याला आधी कळतात.

पंखा मंदावतो याचे दोन अर्थ निघतात. एक, बॅटरी किंवा तिला चार्ज करणारा अल्टरनेटर अशक्त आहे आणि मोटरने करंट ओढला की सगळ्या गाडीचा व्होल्टेज खाली येतो. तसं असेल तर हेडलाइटही मंद व्हायला हवेत. दोन, पंखा आणि ईपीएस यांच्या वाटेतला एखादा सामाईक तुकडा खराब आहे. तेव्हा त्या तुकड्यावर बसलेल्या वस्तूच मंदावतील, बाकीच्या नाहीत. संध्याकाळ होत आली होती. गाडी भिंतीसमोर उभी केली, हेडलाइट, एसी, पंखा चारवर, आणि काकांना जागेवर चाक फिरवायला सांगितलं. भिंतीवरचा उजेड होता तसाच राहिला. पंख्याचा आवाज मात्र स्पष्ट खाली गेला आणि चाक सोडताच परत वर आला. बॅटरी आणि अल्टरनेटर या दोघांवरचा संशय तिथेच बराच कमी झाला.

आधी सोपं, मग खोल

तरीही क्रम सोडला नाही. टायरची हवा पाहिली, कारण पुढच्या टायरात हवा कमी असली की चांगलं ईपीएससुद्धा जड वाटतं. हवा ठीक होती. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, चावी बंद ठेवून स्टिअरिंग हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. इथे अडकणं, ठरावीक जागी घट्ट होणं, करकर असं काही आलं तर दोष यंत्राचा असतो: स्ट्रटवरचं बेअरिंग, पुढची चाकं वळवणारा रॅक, बॉल जॉइंट किंवा कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट. खालच्या जॉइंटवर पुराच्या गंजाचा थर होता, पण हालचाल मोकळी होती. त्याची नोंद करून ठेवली.

बॅटरी विसाव्यात १२.५ व्होल्ट, इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.१. चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएस ब्रेक यंत्रणेचा दिवा लागत नव्हता आणि स्कॅनरवर गाडीचा वेग ईपीएसपर्यंत नीट पोचत होता. हे पाहणं गरजेचं असतं. वेगाचा सिग्नल तुटला तर कित्येक गाड्यांत कंट्रोलर सुरक्षित बाजू धरून मदत कमी करतो आणि मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागतं.

आता कोड. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतात. ईपीएसच्या कंट्रोलरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. तो लावल्यावर दोन कोड निघाले: एक पुरवठ्याचा व्होल्टेज कमी असल्याचा, दुसरा टॉर्क सेन्सरचा. ईपीएसशी संपर्क तुटल्याचा यू-०१३१ गाडीतल्या कुठल्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, नव्हता. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये पी-०५६२, म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, हाही नव्हता. ही गैरहजेरीसुद्धा पुरावाच आहे. इंजिनाच्या कंट्रोलरला व्होल्टेज कधीच कमी पडला नाही, कमी पडला तो एकट्या ईपीएसला.

कोड लिहून घेतले, पुसले, आणि गाडी जागेवर वळवून दोष पुन्हा आणला. दिवा लागला. या वेळी स्मरणात एकच कोड होता, कमी व्होल्टेजचा. टॉर्क सेन्सरचा परत आलाच नाही. मग तो आधी का होता? काकांना विचारल्यावर कळलं की आधीच्या वर्कशॉपमध्ये डॅशबोर्डखाली वाकून तिथल्या मुलानं "प्लग काढून साफ केला", आणि तेव्हा मीटरचे दिवे चालू होते. चावी चालू असताना सेन्सरचा कपलर काढला की कंट्रोलर सेन्सर हरवल्याची नोंद करतो. ते त्याचं कामच आहे. ती नोंद पुसली गेली नाही आणि पुढे तिच्यावरच चाळीस हजारांचा अंदाज उभा राहिला. कोड वाचल्यावर तो आत्ताचा आहे की जुना, हे न बघता पार्ट मागवणं मला गिऱ्हाइकावर अन्याय वाटतो.

खात्रीसाठी सेन्सरचे जिवंत आकडे पाहिले. या गाडीत सेन्सर दोन सिग्नल देतो. चाकाला हात न लावता दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास. डावीकडे जोर दिला की एक वर जातो आणि दुसरा तेवढाच खाली, बेरीज कायम पाच. उजवीकडे उलट. दोन सिग्नल ठेवण्याचा हेतूच हा की एक खोटं बोलू लागला तर बेरीज चुकते आणि कंट्रोलरला कळतं. इथे बेरीज एकदाही चुकली नाही. सेन्सर निर्दोष.

भाराखालचं मोजमाप

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आधीच्या वर्कशॉपमध्ये ईपीएसची अर्थिंगही, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जाण्याची वाटही, तपासली होती, असं काका म्हणाले: "मीटर लावला, टूं वाजलं, म्हणाले अर्थ बरोबर आहे." मीटरचा बझर बऱ्याच मीटरांत वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो. आणि चाळीस अँपिअरच्या वाटेत एक ओहम तर सोडाच, दहावा हिस्सा ओहमही खूप झाला, कारण तेवढ्यावरच चार व्होल्ट खर्ची पडतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा विरोधच एवढा असतो, म्हणजे ओहमवर मोजून हा दोष सापडणारच नाही. भार नसताना व्होल्टेज मोजला तरी सापडत नाही: मीटरला लागणारा करंट इतका नगण्य की सडलेल्या जोडातूनही पूर्ण चौदा व्होल्ट दिसतात. गच्चीवरच्या टाकीचा पाइप गाळानं भरला तरी नळ बंद असताना दाब पूर्ण भासतो, नळ सोडल्यावर खरं कळतं, तसंच हे.

म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि मोजायचा तो व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेतच खर्ची पडणारा व्होल्टेज. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खुद्द खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, म्हणजे क्लॅम्पचा जोडही मोजमापात येतो. दुसरं टोक कंट्रोलरच्या जाड अर्थ वायरीत, कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून. कपलर काढायचा नाही. मोटरच्या पुरवठा वायरीवर, करंट मोजायला, डीसी क्लॅम्प मीटर. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि एकानं स्टिअरिंग जागेवर फिरवायचं. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. तसं धरलं तर मोटर तापू नये म्हणून कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो आणि आपले आकडे फसवे येतात. गिऱ्हाईकही कधी कधी या कपातीलाच बिघाड समजतं. फरक असा की तेव्हा बहुधा दिवा लागत नाही आणि थोड्या वेळानं मदत आपोआप परत येते.

कॉलमजवळ काम करताना पिवळ्या कपलरांना हात लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या वायरी असतात.

आकडे असे आले. मोटरचा करंट ३५ अँपिअर. बॅटरीच्या खांबांवर १३.४ व्होल्ट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कंट्रोलरच्या पुरवठा पिनपर्यंत ड्रॉप ०.४, म्हणजे फ्यूज आणि जाड वायर धरून चालण्याजोगा. आणि अर्थच्या बाजूला ३.४ व्होल्ट. अर्थवर भाराखाली ०.२ च्या वर गेलं की मी शोधायला लागतो. इथे त्याच्या सतरापट. कंट्रोलरच्या वाट्याला उरले ९.६ व्होल्ट, आणि एसी चालू असताना आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, त्याहूनही कमी. त्यानं स्वतःला बंद करून घेतलं यात त्याचा काहीच दोष नव्हता. व्होल्टेज अपुरा असताना मोटर अर्धवट चालवण्यापेक्षा मदत तोडून दिवा लावणं हेच त्याला शिकवलेलं आहे. चावी फिरवली की तो नव्यानं तपासणी करतो, भार नसल्यानं व्होल्टेज पूर्ण दिसतो, आणि पुढच्या गल्लीपर्यंत सगळं ठीक.

३.४ व्होल्ट आणि ३५ अँपिअर म्हणजे जवळजवळ १२० वॅट उष्णता, एका जोडात. ती कुठे जाते हे हातानंच कळतं. डाव्या बाजूला, पुढच्या प्रवाशाच्या पायाजवळचं प्लॅस्टिक पॅनल काढलं. तिथे बॉडीवर दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट, आणि त्याखाली तीन लग, म्हणजे वायरींच्या टोकांना दाबलेल्या धातूच्या कड्या, एकावर एक: ईपीएस, पंखा आणि टेपची अर्थ. काका दोन-चारदा चाक फिरवून थांबल्यावर माझ्या हाताखालच्या पोरानं बोल्टवर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं. "शेठ, बोल्ट गरम छे."

काढण्याआधी एक चाचणी मी नेहमी करतो, कारण निदान सिद्ध करायला तिच्यापेक्षा खात्रीचं काही नाही. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट या लगवर, आणि पुन्हा स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. चाक हलकं. पंखा आपल्या वेगात. दिवा नाही. एसी, हेडलाइट, मागची काच गरम करण्याची जाळी, सगळं चालू करून पाहिलं, तरी नाही. केबल काढली की दोष परत. म्हणजे दोष या बोल्टपाशीच आहे, आणि हे काकांनी स्वतःच्या हातांनी अनुभवलं.

पुराचं पाणी नऊ महिने कुठे होतं

छोट्या गाड्यांत ईपीएसची मोटर कॉलमवर बसवण्याची रीत जुनी आहे. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत कॉलमवरचं ईपीएस पहिल्यांदा आलं. मोटर आणि कंट्रोलर केबिनमध्ये, डॅशबोर्डखाली उंचावर राहतात, इंजिनाची उष्णता आणि रस्त्याचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या गाडीतही पुरानं कंट्रोलरला स्पर्श केला नव्हता. पण त्याची अर्थ खाली, पायापाशी होती.

गालिचा वरून वाळतो. त्याखालचा फोम आणि नमदा ओल महिनोन्महिने धरून ठेवतात. पुराचं पाणी साधं नसतं, गटाराचे क्षार त्यात असतात. लोखंडी बोल्ट, कथिलाचा मुलामा असलेला तांब्याचा लग आणि खारट ओल एकत्र आले की गंज हळूहळू आत सरकतो. म्हणून पुरातून निघालेली गाडी दिवाळीत धडधाकट असते आणि उन्हाळ्यात रुसते. त्यात एसीचा भार वाढला की जो जोड कसाबसा चालत होता तो उघडा पडतो.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो, मग बोल्ट खोलला. लगखालचा रंग फुगून सुटला होता, त्याखाली गंज आणि हिरवट-पांढरी भुकटी. ईपीएसच्या लगमध्ये दाबलेल्या तारा अर्ध्याहून जास्त हिरव्या. केवळ बोल्ट घासून घट्ट केला असता तर थोडे दिवस चाललं असतं, पण लगच्या आतला गंज तसाच राहिला असता. वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली. सुदैवानं गुच्छात चार बोटं जास्तीची वायर होती. योग्य मापाचा नवा लग क्रिंपिंग टूलनं दाबला, वर हीट श्रिंकची नळी. पंखा आणि टेपचे लगही बदलले. बॉडीवरची जागा चमकदार पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासली, आट्या साफ केल्या, नवा बोल्ट, स्टार वॉशर, आणि घट्ट केल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, धातूला धातू भिडल्यावर लावायची.

डावीकडचा गालिचा पूर्ण उचलला. नमदा पिळला तर हाताला ओल लागत होती. तो काढून टाकून नवा घातला. उजव्या पायाजवळही असाच एक अर्थ बोल्ट आहे, त्यावर भाराखाली ०.३ व्होल्टचा ड्रॉप होता. तक्रार नव्हती, पण पुढच्या पावसाळ्यात झाली असती. तोही साफ केला.

बॅटरी जोडल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन मधोमध आणलं, स्कॅनरनं कोड पुसले. टॉर्क सेन्सरचं शून्य पुन्हा शिकवायची गरज नव्हती. ते काम कॉलम किंवा सेन्सर बदलल्यावर करायचं, चाकं सरळ आणि चाकाला कुणाचाही हात न लागता.

नंतरचे आकडे: मोटरचा करंट ३८ अँपिअर, बॅटरीवर १३.४, अर्थचा ड्रॉप ०.०८, कंट्रोलरवर १२.९ व्होल्ट. काकू पंख्याकडे कान लावून बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली.

काकांचा एक प्रश्न राहिला होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण भीती तिथेच असते. "चालत्या गाडीत असं झालं असतं तर स्टिअरिंग सुटलं असतं का हो?" नाही. ईपीएस बंद पडलं तरी चाक आणि रॅक यांच्यातली लोखंडी जोडणी तशीच असते. गाडी वळते, फक्त जोर जास्त लागतो. अशा वेळी घाबरून चावी बंद करायची नाही. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, वेग कमी करून कडेला घ्यायची. मात्र वयस्कर माणसाच्या हातात, गल्लीत, समोरून स्कूटर येत असताना ते अचानक जड होणं धोक्याचंच आहे, म्हणून दिवा लागत असताना "बंद-चालू केलं की जातं" म्हणत दिवस काढू नयेत.

कॉलमखालच्या त्या गंजलेल्या जॉइंटबद्दल काकांना त्याच दिवशी सांगितलं होतं. काही आठवड्यांनी गाडी सर्व्हिसला आली तेव्हा तो बदलला आणि अर्थ पुन्हा मोजली. ड्रॉप ०.०९, ईपीएसमध्ये एकही कोड नाही. दोन्ही आकडे तारखेसकट जॉब कार्डावर लिहून त्याची एक प्रत काकांच्या आरसी बुकच्या पाकिटात ठेवली आहे, म्हणजे पुढे कुणीही ही गाडी हाती घेतली तरी त्याला तुलना करायला आधीचा आकडा मिळेल.